तीन दिवसांचं एकच पाणी

लखनौच्या टेंब्यांच्या घरात खोटं बोलायला बंदी कधीच नव्हती. फक्त ते मोठं असावं, निदान म्हशीएवढं तरी, असा दंडक होता. 'मी पत्र पेटीत टाकलं होतं', 'दूध उतू गेलंच नाही' असलं वाटीभर खोटं बोलणारा माणूस या घरात हलका समजला जाई.

म्हशीचं माप आलं ते अप्पांच्या गोष्टीतून. श्रीपाद टेंबे, म्हणजे अप्पा, रेल्वेत पुलांचे इंजिनिअर होते, आणि हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या पूल नंबर एकशे सेहेचाळीसवरचा पूर त्यांनी एकट्यानं, दातांत लाल कंदील धरून, परतवला होता. मुलाच्या, राघवच्या, बारशाला ही गोष्ट सांगितली तेव्हा पाणी बारा फूट होतं. त्याच्या मुंजीत ते अठरावर गेलं. लग्नाच्या पंगतीत सत्तावीस फूट झालं, आणि वाहत आलेली म्हैस सिग्नलच्या आडव्या दांडीवर जाऊन बसली, रवंथ करत. जिलब्या वाढणारा हलवाई परात खाली ठेवून म्हणाला, "फिर बाबूजी, उतरी कैसे?"

"सिग्नल डाउन हुआ, तो उतर गई," अप्पा म्हणाले.

त्यानंतर आठ वर्षं ही गोष्ट सांगायला निमित्तच मिळालं नाही. गोष्ट कार्याच्या पंगतीत सांगायची असते, आणि राघव-अश्लेषाच्या घरात पुढचं कार्य काही निघेना. पाणी सत्तावीस फुटांवर थांबून राहिलं.

शहाण्णव सालच्या चैत्रात जानकीपुरमच्या त्या घरात पूर आला तो असा. डॉक्टर निगमबाईंनी अश्लेषाला दहा दिवस इंजेक्शनं दिली. ही तिसरी खेप, आणि शेवटची, असं नवराबायकोनं आपसात ठरवलेलं. दर महिन्याला एखादंच बीज पिकवायचं असा ज्यांचा धर्म, त्या बीजकोशांनी या वेळी चौदा पिकवली. मग शेवटची एक मोठी सुई दिली गेली, पुढचे सोपस्कार झाले, आणि बाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बेटा, तुम्हारी ओवरी तो कुछ ज़्यादा ही जोश में आ गई हैं. संतरे बन गई हैं संतरे. अब पेट में पानी भर सकता है. घर जाओ, लेटो, और सब कुछ लिखो."

सगळं म्हणजे काय, तेही त्यांनी कागदावर उतरवून दिलं. रोज सकाळी वजन. बेंबीवरून पोटाचा घेर. किती प्यायलं, किती बाहेर गेलं. पाणी, नारळपाणी, मीठ-साखरेचं सरबत भरपूर प्यायचं. डाळ, अंडं, पनीर खायचं. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर दिवस-रात्र न बघता फोन करायचा.

कागद वाचून अप्पांचे डोळे लकाकले. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याची नोंद दिली होती! त्यांनी रजिस्टर आखलं, आलेखाचा कागद आणला, पेन्सिली तासल्या. अडचण एकच होती. सून सासऱ्याला असले आकडे सांगणार कशी? तेव्हा रेल्वेचीच पद्धत ठरली. प्यायलेलं ते 'वरचं पाणी' आणि बाहेर गेलेलं ते 'खालचं पाणी'. अश्लेषानं माईंना सांगायचं, माईंनी अप्पांना, अप्पांनी लिहायचं. माई म्हणजे वासंतीबाई. लाजेच्या माणसानं लाजेच्या माणसाला द्यायच्या निरोपाला त्यांच्याइतका विश्वासू डाकिया साऱ्या लखनौत नव्हता.

अप्पांची धाकटी बहीण लताआत्या हे सगळं खिडकीत बसून बघत असे. विधवा, निवृत्त मुख्याध्यापिका, जिभेला धार. "देवानं महिन्याला एक ठरवलंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही पोरीची कोंबडी केलीत." ती आणि वासंतीबाई संक्रांतीपासून एकमेकींशी भिंतीकडे बघून बोलत होत्या.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग बुधवारी अश्लेषाचं पोट तट्ट फुगलं.

वासंतीबाईंनी त्यावर विचार केला, आणि विचार अगदी सरळ होता. ज्या घरात पाणी शिरलंय, तिथे आणखी घागरी कोण ओततं? पायाला सूज आली की त्यांच्या आईनं मीठ तोडलं होतं, पाणी तोडलं होतं, आणि आई ब्याऐंशी वर्षं जगली. त्यांनी अश्लेषाची आमटी अळणी केली. तांब्या उचलून त्या जागी वाटी ठेवली. "घोट घोट घे हो बाळ. भरलंय ना आत."

अश्लेषा शाळेत भूगोल शिकवायची. एरवी तिनं हुज्जत घातली असती. पण तिला मळमळत होतं, पाणी बघूनही नको वाटे, आणि आठ वर्षांत सासूबाईंनी तिला 'बाळ' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

गुरुवारी खालचं पाणी सहाशेवर आलं. वासंतीबाई ओसरीकडे निघाल्या, आणि वाटेत, देवघरापाशी, थबकल्या. वर कमी दिलं म्हणून खाली कमी आलं, यात भिण्यासारखं काय आहे? पण हे अप्पांना कोण पटवणार? ते लगेच फोन करतील. बाई पोरीला भरती करून घेतील. आणि शनिवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चाळीस बायकांना आमंत्रणं गेलेली.

"खालचं?" अप्पांनी पेन्सिल उचलून विचारलं.

"अकराशे," वासंतीबाई म्हणाल्या. "वजन अठ्ठावन्न चारशे. घेर एक्क्याऐंशी."

वाटीभरच खोटं होतं.

*

शनिवारी चार वाजता बैठकीत गौर झोपाळ्यावर बसली होती, समोर काकड्यांची आरास, भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं, कैरीची डाळ, पन्हं. महानगरच्या, अलीगंजच्या साऱ्या मराठी बायका आल्या होत्या, आणि शेजारच्या मिश्राइनभाभीही. पुरुषमंडळींची, म्हणजे अप्पा आणि राघवची, रवानगी मागच्या ओसरीवर झालेली.

अश्लेषा उशीला टेकून खुर्चीत बसली होती. आडवं पडलं की श्वास पुरत नव्हता, म्हणून बसणंच बरं होतं. साडीची गाठ तिनं सकाळपासून दोनदा सैल केली होती.

"अरे वाह बहू!" मिश्राइनभाभींनी तिच्या पोटाकडे बघून हात जोडले. "छुपी रुस्तम निकलीं! कौन-सा महीना चल रहा है?"

महिना कसला, शेवटच्या सुईला त्या दिवशी बारावा दिवस होता. अश्लेषानं सासूबाईंकडे पाहिलं. आता त्या सांगतील, तसं काही नाही म्हणून. पण वासंतीबाई हातातली हळदीची कोयरी सावरत नुसत्या हसल्या. खाली बघून, थोड्याशा लाजून. आठ वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला त्यांनी दुसऱ्यांच्या सुनांच्या ओट्या भरल्या होत्या. ते हसू बघून अश्लेषाला काही बोलवेना. असू दे, तिला वाटलं. अर्धा तास तर असू दे.

"माई, थोडं पन्हं द्या ना. घसा अगदी सुकलाय."

वासंतीबाईंनी वाटीत दोन घोट ओतले. मोठ्या सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नी सुहासिनीबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पेलाभर द्या की! एवढी तहानलीय पोर." वासंतीबाई हलकेच म्हणाल्या, "नको, तिला सोसत नाही."

खिडकीतून लताआत्यानं ती वाटी पाहिली. मग अश्लेषाचे ओठ पाहिले. कोरडे, पांढरट. तिच्या कपाळाला आठी पडली.

मागच्या ओसरीवर अप्पा आलेख भरत होते. गुरुवारचा ठिपका, शुक्रवारचा, शनिवारचा. तिन्ही जोडायला त्यांनी पट्टी ठेवली, रेघ ओढली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

"राघव."

"काय?"

"हे बघ. तीन दिवस अठ्ठावन्न चारशे. तीन दिवस एक्क्याऐंशी. तीन दिवस अकराशे."

"अच्छा है ना फिर, अप्पा. स्टेबल है."

"नदी तीन दिवस एकच आकडा देत नाही," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली गेला होता की राघवनं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "उन्हाळ्यात आटलेली नदीसुद्धा देत नाही. असा आकडा फक्त घरात बसलेला माणूस देतो."

ते उठले. गळ्यात मोजपट्टी, कानावर पेन्सिल, अंगात बंडी. टेंब्यांच्या घरात हळदीकुंकवात पुरुष शिरल्याची ही पहिलीच वेळ, आणि मिश्राइनभाभी पुढे सांगत की बाबूजी आले तेव्हा गौरीनंसुद्धा पदर डोक्यावर घेतला. त्या सांगण्यावर जायचं कारण नाही; त्यांचाही टेंब्यांकडे बराच वावर होता.

अप्पा सरळ सुनेच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, सकाळपासून खालचं पाणी किती?"

चाळीस बायका. कुणाच्या हातात कुंकू, कुणाच्या तोंडात हरभरा. अश्लेषा कानापर्यंत लाल झाली. मग तिनं सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे जे दिसलं त्यानं तिची लाज पळाली.

"शंभर," ती म्हणाली. "काल दिवसभरात मिळून चारशे. अप्पा, मी रोज सांगत होते. मला वाटलं, तुम्हाला माहितीये, म्हणजे ठीकच असेल."

"वजन?"

"एकसष्ट नऊशे." तेवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

वासंतीबाईंच्या हातातली कोयरी खाली पडली. पायाशी पिवळा सडा झाला.

पहिली हलली ती लताआत्या. "सगळ्यांनी आपापल्या ओट्या उचला," ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली. "सुहासिनी, तुझी गाडी बाहेर आहे ना? ड्रायव्हरला हाक मार. राघव, निगमबाईंना फोन लाव, आकडे सांग, तेवढेच सांग, रडगाणं नको." आणि मग, संक्रांतीनंतर पहिल्यांदाच, भिंतीकडे न बघता: "वासंती, चप्पल घाल. तूही चल."

*

गाडी गोमतीच्या पुलावर आली. अप्पांनी सवयीनं खाली, खांबाच्या पायाकडे पाहिलं. चैत्रातलं पाणी, तळाशी गेलेलं. मागच्या सीटवर अश्लेषा सासूच्या खांद्याला टेकून तोंडानं श्वास घेत होती.

निगमबाईंनी तिला पाहिलं, रक्त काढलं, सलाइन लावलं, आणि मगच त्या बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. लखनौचे चांगले डॉक्टर रागावत नाहीत. ते चष्मा पुसतात. बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला.

"ख़ून गाढ़ा हो गया है. पानी किसने बंद किया?"

"मैंने," वासंतीबाई म्हणाल्या. "पेट में तो पहले से भरा था ना, डॉक्टरनी जी."

अप्पांनी खिशातून पेन्सिल काढली आणि केसपेपरच्या मागे दोन रेघा ओढल्या. "वासंती, हा कालवा. याच्या काठाला भेगा पडल्यात. पाणी झिरपून शेतात शिरतंय. शेत तुडुंब, आणि कालवा कोरडा. शेतातलं पाणी बघून तू वरून पाणी तोडलंस, तर कालव्यात राहील काय?" आणि डॉक्टरांना तेच त्यांनी रेल्वेच्या हिंदीत सांगितलं.

"बिल्कुल यही," निगमबाई म्हणाल्या. "आप पढ़ाने आया कीजिए. नसों का पानी पेट में रिस रहा है. हम नसें भरेंगे, और कल सुबह सोनोग्राफी में देखकर सुई से पेट का पानी निकालेंगे. एक दिन और निकल जाता, तो ख़ून जमने का डर था, गुर्दों का भी. ठीक वक़्त पर ले आए."

"आणि..." वासंतीबाई पुढे झाल्या. "पानी के साथ... वो भी निकल जाएगा?"

"नहीं माताजी. वो पानी अलग, बच्चेदानी अलग. देखिए, वादा नहीं करती. मगर इंजेक्शन से जो सूजन आती है, वो हफ़्ते-दस दिन में उतरने लगती है. जो बारहवें दिन आकर इतनी चढ़े, वो अक्सर तब चढ़ती है जब अंदर कोई आ चुका हो. परसों ख़ून की एक जाँच, फिर दो दिन बाद दूसरी. नंबर इंजेक्शन का होगा तो गिरेगा. मेहमान का होगा तो दुगुना होगा."

त्या आत गेल्या, आणि आतापर्यंत राग दाबून ठेवलेला राघव फुटला. बँकेत गिऱ्हाइकाच्या अंगावरही आवाज न चढवणारा माणूस.

"माई, आठ साल! हळदीकुंकवासाठी? चार बायकांनी विचारावं, कौन-सा महीना, म्हणून? तू तिचा जीव..."

"राघव, आवाज," लताआत्या म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस आत्या, तुला तर हे नकोच होतं!"

"नव्हतंच. अजूनही मला ते इंजेक्शन-बिंजेक्शन कळत नाही. पण तुझ्या आईनं पाणी तोडलं ते मायेनं तोडलं. आकडा लपवला ती चूक, आणि वाटी मी खिडकीतून तीन दिवस बघत होते. का विचारलं नाही? कारण मी तिच्याशी अबोला धरला होता. मग निम्मी शिवी मला दे."

वासंतीबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, बोटांना हळद तशीच. त्यांनी काही ऐकलंय असं वाटत नव्हतं.

अप्पा त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ त्यांनी मोजपट्टीची गुंडाळी केली, सोडली, केली.

"पूल नंबर एकशे सेहेचाळीस," ते म्हणाले.

"अप्पा, प्लीज, आत्ता नाही," राघव म्हणाला.

"आत्ताच. पाणी अकरा फूट होतं. तिथे रोज सकाळी जाऊन खांबावरचा आकडा वाचायचं काम माझं. तीन दिवस पाऊस कोसळत होता, आणि मी गेलो नाही. बंगल्यात बसून तीन दिवस एकच आकडा लिहिला. आठ फूट दोन इंच. गाडी थांबवली ती चौकीदार रामसुमेरनं, आपल्या अकलेनं. मी पोचलो तेव्हा गाडी पुलाअलीकडे उभी होती आणि तो कंदील विझवत होता. त्यानं माझं रजिस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात कुणाला सांगितलं नाही."

"पण का गेला नाहीस?" लताआत्यानं विचारलं. पस्तीस वर्षं तिनं ही गोष्ट ऐकली होती, आणि ही तिला नवीन होती.

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. "लग्नाला बारा दिवस झाले होते. ही मला पत्ते शिकवत होती."

वासंतीबाईंनी मान वर केली. आणि मग, इतक्या वेळानं, त्यांना रडू आलं.

राघव भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं तो आला आणि आईच्या पायाशी, जमिनीवरच बसला. "म्हैस तरी होती का?" त्यानं विचारलं.

"म्हैस होती," अप्पा ठासून म्हणाले. "म्हशीबद्दल मी कधी खोटं बोललो नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटातून अडीच लिटर पाणी निघालं. अश्लेषा पहिल्यांदा आडवी होऊन झोपली.

उठली तेव्हा खाटेशी अप्पा रजिस्टर घेऊन उभे होते, आणि दाराशी, आत यावं की नाही अशा, वासंतीबाई. अप्पांनी रजिस्टर बायकोपुढे धरलं.

"मी?" त्या दचकल्या. "माझ्या हातात देताय?"

"ज्यानं एकदा खोटा आकडा लिहिलाय, त्याच्याइतका खरा आकडा दुसरं कुणी लिहीत नाही. मी त्यानंतर एकतीस वर्षं खरे आकडे लिहिले."

वासंतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. अश्लेषाच्या मनात एक कठीण गाठ होती; ती काही एका दिवसात सुटणारी नव्हती, आणि तिनं सुटल्याचं सोंगही केलं नाही. पण तिनं हात पुढे केला. "माई, पेला द्या. वाटी नको. आणि आता मी मोठ्यानं सांगणार, अप्पांच्या समोर. लिहा, खालचं पाणी सहाशे ऐंशी."

अप्पांनी छताकडे बघत मान डोलावली, जणू उत्तर रेल्वेचा हवामान अहवाल चालला आहे.

वासंतीबाईंनी चष्मा लावला आणि बालबोध अक्षरात लिहिलं. त्या दिवसापासून त्यांनी असं मोजलं की नर्सा दबकून राहू लागल्या. नारळपाण्याच्या तळाशी राहिलेला चमचाभर घोटसुद्धा वजा होई. लताआत्या सकाळी घरून पनीर आणि उकडलेली अंडी घेऊन येई. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात अंडं शिजलं, तेही तिच्या हातानं, यावर हनुमान जयंतीपर्यंत कुणी विश्वास ठेवला नाही. पाणी सरळ उतरलं असंही नाही. मधे दोनदा चढलं, एकदा पुन्हा सुई घालावी लागली. पण खालचं नऊशे झालं, मग चौदाशे, मग एका सोनेरी मंगळवारी तेवीसशे. वॉर्डात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

रक्ताचा पहिला आकडा दोनशे दहा आला. दोन दिवसांनी दुसरा यायचा होता, आणि ते दोन दिवस वासंतीबाई एकच प्रार्थना करत होत्या: देवा, आकडा तोच नको.

आकडा चारशे सत्तर आला.

*

गौर कपाटात परत गेली, अक्षय्य तृतीया उलटली, आणि सोमवारी सोनोग्राफीच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका लुकलुकताना सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिला. अजून आठ महिने होते. बाईंनी अजून काळजी घ्यायला सांगितली होती, रजिस्टरही चालूच होतं. पण त्या दिवशी घरी पानं मांडली गेली. सुहासिनीबाई होत्या, मिश्राइनभाभी होत्या. अश्लेषासमोर भरलेला तांब्या होता आणि आमटीत मीठ.

पहिला वरणभात होताच अप्पांनी घसा खाकरला. तीन आठवडे या माणसानं एकही थाप मारली नव्हती, आणि घरातल्यांना त्याचीच सर्वांत जास्त धास्ती होती.

"पूल नंबर एकशे सेहेचाळीस," अप्पा म्हणाले. "पाणी एकतीस फूट."

राघवनं हळूच भाताचा घास खाली ठेवला.

"चौकीदार रामसुमेर," अप्पा पुढे म्हणाले, "दातांत कंदील धरून पोहत निघाला. मी बंगल्यात होतो. पत्ते खेळत." वासंतीबाईंनी पदराआड तोंड लपवलं. "आणि वरून ती म्हैस आली, वाहत. सिग्नलवर चढून बसली. आणि तिच्या पाठीवर रेडकू."

"थांब, थांब," लताआत्या म्हणाली. "रेडकू? पस्तीस वर्षं ऐकतेय मी. मागच्या वेळेला रेडकू नव्हतं."

"मागच्या वेळेला नव्हतं," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी तूप मागितलं. "आता आहे."